पेशंट सोपवायला शीक

चि. बंड्यास,


तुझा फोन आला त्या रात्रीच मी तो सिनेमा पुन्हा लावला. मार्टिन स्कोर्सेसीचा, 1999 सालचा 'ब्रिंगिंग आउट द डेड'. 108च्या गाडीवर नुकत्याच लागलेल्या डॉक्टरने रात्रपाळी करून येऊन हा बघावा, हे मला पटलेलं नाही. पण बघितलासच, तर नीट बघ.

"मावशी, त्यातला तो अँब्युलन्सवरचा फ्रँक म्हणजे मीच," म्हणालास. उगाच काहीतरी! नव्वदीच्या सुरुवातीचं न्यूयॉर्क, हेल्स किचनची वस्ती, ओळीने तीन रात्री. मूळ कादंबरी लिहिणारा ज्यो कॉनेली स्वतः तिथे पॅरामेडिक होता, म्हणून ते सगळं इतकं अंगावर येतं. (वायरलेसवरचा एक आवाज खुद्द स्कोर्सेसीचा आहे, बरं का.)

रोझ नावाची पोरगी फ्रँकच्या हातून गेली आणि आता रस्त्यावरच्या बायकांमध्ये त्याला तिचाच चेहरा दिसतो. पण माझ्या मते त्याचं दुखणं रोझच्या आधीचं आहे. माणूस वाचला की त्याला नशा चढायची. वाचलेला 'मी वाचवला' म्हटलं, की गेलेलाही आपल्याच नावावर पडतो.

सुरुवातीचे ते बर्क आठव. हृदय थांबलेलं. फ्रँक घरच्यांना म्हाताऱ्याच्या आवडीचं गाणं लावायला सांगतो, सिनात्रा लागतो आणि नाडी परत येते. किती बरं वाटतं आपल्याला! पुढे तोच म्हातारा नळ्यांत अडकून शॉकवर शॉक खात पडतो, आणि फ्रँक पुन्हापुन्हा त्याच्या खाटेपाशी. कॅज्युअल्टीत जन्म काढलेली मी तुला सांगते: नाडी, बीपी, दिलेली औषधं कागदावर लिहिलीस, सिस्टरला तोंडी सांगितलंस, सही घेतलीस, की पेशंट आमचा. मग वॉर्डात घिरट्या घालायच्या नाहीत.

फ्रँकच्या गाडीवरच्या जोडीदारांपैकी मार्कस येशूचा धावा करतो, टॉम हात उगारतो आणि लॅरीला कायम जेवणाची चिंता. लॅरीला लोक हसतात. मला तोच त्यातल्या त्यात शहाणा वाटतो. तुझा डबा तसाच परत येतो, असं ताई सांगत होती. गाडीच्या पायलटबरोबर बसून खात जा, दोन घास का होईना. आणि फ्रँकसारखी बाटली जवळ करू नकोस, याहून जास्त त्यावर बोलत नाही.

एका जागी मात्र मला हसू आलं नाही. फ्रँक साहेबाला म्हणतो, मला काढून टाका. साहेब म्हणतो, उद्या काढतो, आज माणसं कमी आहेत. माणसं उद्याही कमीच असतात, बंड्या. तेव्हा तोंडी विनवण्या करू नकोस. रजेचा अर्ज लेखी दे, पोच घे. दिवाळीची वाट न बघता याच महिन्यात चार दिवस इकडे ये.

तुझी,
मावशी