मुलांची पुस्तके का येत नाहीत?

प्रश्न : आमच्या भागातील छोट्या वाचनालयात स्पर्धा परीक्षांची पुस्तके भरपूर आहेत, मुलांची नवी मात्र दिसत नाहीत. काय घ्यायचे, हे कोण ठरवते?
– एक वाचक, उलवे

उत्तर : वाचनालय शासनमान्य असेल, तर 1967च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार त्याला अ, ब, क किंवा ड वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. खरेदी मात्र संस्थेचे कार्यकारी मंडळच ठरवते. लहान वाचनालयात पगार, भाडे, वीजबिल भागवून पुस्तकांना थोडेच उरते. मग मंडळ देवघेवीच्या नोंदी पाहते. इथेच खरी गोम आहे : मुलांचे कपाट जुनाट, म्हणून मुले फिरकत नाहीत, मुले फिरकत नाहीत, म्हणून नोंदीत मागणी दिसत नाही. सिडकोने वसवलेल्या, तरुण कुटुंबांच्या उलव्यात हे फार नुकसानीचे आहे. फक्त नोंदींवर विसंबणे मला चूक वाटते. बालविभागासाठी काही रक्कम आधीच बाजूला काढायला हवी. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांतूनही पुस्तके मिळू शकतात. ग्रंथपालांकडे चौकशी करा.

तुम्ही मागणीवहीत पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक आणि मुलाचे वय लिहा. शेजारच्या पालकांनाही लिहायला लावा. आणि सभासद असाल, तर वार्षिक सभेला जाऊन हा विषय जरूर मांडा.