ऑपरेशननंतरचा आठवडा

हातात बांगड्या चढेनात तेव्हा कासारीण म्हणाली, "वहिनी, अंग धरलंत." चपलेचा नंबर वाढला, खालच्या दातांत फटी पडल्या, घोरण्याने घर जागं राहू लागलं, साखर निघाली. दर तक्रारीला वेगळा डॉक्टर, वेगळी गोळी. शेवटी एका एंडोक्रायनोलॉजिस्टने जुना फोटो मागवून चेहऱ्याशेजारी धरला. मग रक्तातलं आयजीएफ-१, ग्लुकोज पाजून ग्रोथ हार्मोनची तपासणी, एमआरआय. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवर गाठ, तिच्यातून जादा ग्रोथ हार्मोन, म्हणजे अ‍ॅक्रोमेगाली. ग्रंथीच्या वरूनच दृष्टीच्या नसा जातात, म्हणून डोळ्यांची पेरिमेट्रीही झाली.

'ब्रेन ट्यूमर' म्हणताच घरात रडारड. या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात, हे कोण ऐकतो! शिवाय प्रत्येक गाठ कापावी लागत नाही. प्रोलॅक्टिन वाढवणारी गाठ बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आक्रसते. तेव्हा तारीख घेण्याआधी प्रोलॅक्टिनचा रिपोर्ट झालाय ना, ते बघा. माझ्या प्रकारात मात्र आधी ऑपरेशन. तेही नाकातून, दुर्बिणीने. अशी ऑपरेशनं वर्षाला किती करता, हे सर्जनला सरळ विचारावं. या प्रश्नावर चिडणाऱ्याकडे जाऊ नये.

सगळे घाबरतात ते ऑपरेशनला. खरी सावधगिरी लागते ती घरी आल्यावर. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. नाकातून पाण्यासारखं पातळ गळू लागलं, घशात खारट लागलं, तर लगेच फोन. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. खूप लघवी आणि न भागणारी तहान, हेही कळवायचं.

माझं उलटंच झालं. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन, "भरपूर पाणी पी" सांगत होता. आठवडा होत आला आणि डोकं ठणकू लागलं, मळमळ, बोलणं असंबद्ध. थकवा असेल म्हणून सगळे झोपवायला निघाले. नणंदेने हट्टाने रक्त तपासलं. सोडियम घसरलं होतं. या दिवसांत शरीर पाणी धरून ठेवतं, वरून आग्रहाचं पाणी. तहानेपुरतंच प्यायचं आणि डॉक्टर सांगतील त्या दिवशी सोडियम करायचंच, बरं वाटत असलं तरी.

दुसरा धोका शेजारच्या सल्ल्याचा: "स्टिरॉइड वाईट, बंद कर." ग्रंथी कॉर्टिसॉलची मागणी करत नसेल, तर हायड्रोकॉर्टिझोनची गोळी औषधापेक्षा अन्नाच्या जागी असते; ती अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकतं. ताप आला तर डोस किती वाढवायचा, हे आधीच लिहून घ्या. उलट्यांनी गोळी टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी थेट दवाखाना गाठा आणि दारातच सांगा, पिट्युटरीचं ऑपरेशन झालंय, स्टिरॉइड चालू आहे.