तिसरे सरले, सहावे दूर

माझ्या नातीला मी बालवाडीतून अर्ध्या सत्रात काढून आणले ते केवळ माझ्या तापट स्वभावामुळे, असे मालवणच्या बाजारपेठेत आजही बोलले जाते. ज्यांनी ते बोलणे प्रथम सुरू केले त्यांच्याशी मला वाद घालावयाचा नाही. परंतु ज्या घरात असे मूल आज दोन-अडीच वर्षांचे आहे, त्या घरातील माणसांना खरा वृत्तांत ठाऊक असणे अगत्याचे आहे, म्हणून हे लिहिणे.

नात आठव्या महिन्यात जन्मलेली. सेरेब्रल पाल्सीचे निदान कसे झाले, घरात त्या रात्री काय झाले, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना सांगावे लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. त्या पथकातील डॉक्टरांनी तिचे ताठरलेले पाय पाहून वेळीच चिठ्ठी लिहून दिली, आणि तेव्हापासून पावणेदोन वर्षे आठवड्यातून दोनदा, कधी एस.टी.ने तर कधी शेजाऱ्याच्या रिक्षाने, सुनेने तिला एका संस्थेच्या केंद्रात नेले. तेथील थेरपिस्ट बाईंच्या हातांना यश होते. न टेकणारी टाच जमिनीला टेकली, मान सावरली, आणि फणसाच्या लाकडाची जी कोपऱ्याची खुर्ची आमच्या सुताराने त्या बाईंच्या मापांवरून बनवली तीत बसून नात दोन्ही हातांनी पेज खाऊ लागली.

त्या केंद्राचा नियम शून्य ते तीन वर्षांचा होता. हे आम्हांस प्रथमपासून माहीत होते. परंतु तीन पूर्ण झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न आम्ही विचारला नाही आणि त्यांनीही काढला नाही. 2022 च्या जूनमध्ये तिसरा वाढदिवस झाला, त्या आठवड्यात केंद्राने निरोप दिला, एक जाड फाईल हाती ठेवली आणि सांगितले, "आता ही शाळेची झाली."

कोणत्या शाळेची? मी महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. कायदा वाचण्याची सवय आहे, तरी हा कायदा मी तेव्हा वाचला नव्हता, नंतर वाचला. 2009 चा शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षी सुरू होतो. 2016 चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा, ज्याने मान्य दिव्यांगत्वांची संख्या 21 वर नेली, तोही मोफत शिक्षणाचा हक्क देतो तो सहा ते अठरा या वयासाठी. तीन ते सहा वयाविषयी शिक्षणहक्क कायद्याच्या अकराव्या कलमात शासन पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था ‘करू शकेल’ असे शब्द आहेत, आणि राज्यघटनेच्या पंचेचाळिसाव्या अनुच्छेदात राज्य तसा ‘प्रयत्न करील’ असे. ज्याने आयुष्यभर हुकूम आणि परिपत्रके हाताळली आहेत त्याला ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. ज्या तीन वर्षांत मुलाचे स्नायू, वाणी आणि सवयी घडतात किंवा बिघडतात, नेमकी तीच तीन वर्षे कोणाच्या दप्तरी पक्की नोंदलेली नाहीत.

आम्ही एक खाजगी बालवाडी निवडली. शिक्षिका शिकलेल्या, इमारत पक्की, आणि आप्तांचा आग्रह की अंगणवाडीत काय ठेवता. संचालिकाबाईंनी आम्हांस आदराने बसवून घेतले. "आमच्याकडे सर्व मुले समान," असे त्या म्हणाल्या, आणि ते वाक्य ऐकून माझ्या सुनेचे डोळे भरून आले. मी खुर्ची पोचवली. केंद्राची फाईल, तीत शेवटचा बारा पानी अहवाल होता, मी स्वतः लाल फितीने बांधून त्यांच्या हाती दिली. माझी गाठ मारण्याची एक रीत आहे; रुमालात बांधलेली जुनी दप्तरे हाताळताना ती अंगवळणी पडली, दोन वेढे आणि एक टोक आत दुमडलेले. पोच घेतली नाही. सभ्य माणसांकडून पोच मागणे मला अपमानास्पद वाटले.

पंधरा जूनला शाळा सुरू झाली. दारापर्यंत आम्ही नेत असू, आत जाण्याची मुभा पालकांना नव्हती. जुलैच्या मध्यास सून म्हणू लागली की अंघोळीच्या वेळी पाय पुन्हा ताठ लागतो. मी म्हटले, पावसाळी हवा आहे. त्या उत्तराचे मला आज फार वाईट वाटते.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, धक्क्यावर उत्सवाची तयारी चालू होती आणि बालवाडी लवकर सुटणार असल्याचा निरोप आम्हांपर्यंत पोचला नव्हता, तरी मी योगायोगाने नेहमीपेक्षा तासभर आधी तेथे गेलो. दारावर कोणी नव्हते. मुले मधल्या खोलीत नारळांची चित्रे रंगवीत होती. नात मागल्या पडवीत, भिंतीला पाठ लावून, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेल्या स्थितीत जमिनीवर बसलेली होती. पुढ्यात रंगखडूचा एक तुकडा, आणि तो तिच्या हाताच्या टप्प्याबाहेर गेलेला. ती रडत नव्हती. आपल्याला कोणी उचलणार नाही हे जिला कळून चुकले आहे अशा मुलाची शांतता तिच्या तोंडावर होती, आणि तीन वर्षांच्या वयात ती कोणाच्याही तोंडावर असू नये.

मी खुर्ची विचारली. एका मदतनीस मुलीने साठवणीच्या खोलीचे दार उघडले. तेथे तांदळाचे पोते, मोडके झोपाळे आणि गणपतीची जुनी मखरे यांच्यामागे ती खुर्ची होती, मी पोचवली तेव्हा पावसापासून रक्षण म्हणून गुंडाळलेल्या प्लास्टिकसह. बैठकीवर फाईल ठेवलेली होती. लाल फीत जशीच्या तशी होती. दोन वेढे, आणि एक टोक आत दुमडलेले. दोन महिन्यांत त्या गाठीला कोणाचे बोट लागले नव्हते. थेरपिस्ट बाईंनी पावणेदोन वर्षांत जे पाहिले, मोजले, लिहिले, ते एका सुताच्या आत बंद राहिले आणि बाहेर पोरीची टाच पुन्हा उचलली गेली.

संचालिकाबाई आल्या, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर ओशाळेपणा नव्हता, हे मी आवर्जून नोंदवतो. त्या म्हणाल्या, "एकीला खुर्ची दिली तर बाकीची मुलेही मागतात. आणि समान वागवायचे असे तुमच्यासमोरच ठरले होते." ज्या शब्दाने सुनेचे डोळे भरले होते तोच शब्द आता कुलूप होऊन समोर आला. मी आवाज चढवला, हे खरे. बाजारात सांगितले जाते ते एवढेच.

पुढे कळले की दिव्यांग हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमातील भेदभावरहित प्रवेशाची तरतूद शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या संस्थांपुरती आहे. आमची बालवाडी यांपैकी कशातच बसत नव्हती. अर्ज तरी कोणाकडे करावा? एका कार्यालयात मला सांगण्यात आले की मूल सहाचे झाल्यावर या. दुसऱ्यात सांगितले, हा विषय आरोग्य खात्याचा.

शेवटी वाडीतल्या अंगणवाडीत गेलो, जेथे आप्तांच्या मते ठेवण्यासारखे काही नव्हते. सेविकेने अहवाल मागितला नाही, समानतेचे नाव काढले नाही. ती म्हणाली, "आबानू, चेडवाक खुर्चेत कसा बसवचा ता माका एकदा दाखवा, मगे तुमी खुशाल घराक जावा." थेरपिस्ट बाई आपल्या सुट्टीच्या दिवशी, केंद्राला न विचारता, येऊन सेविकेला शिकवून गेल्या.

आता जे सांगावेसे वाटते ते सांगतो. तिसरा वाढदिवस येण्याच्या सहा महिने आधी हालचाल सुरू करावी. अमेरिकेत आमच्या भाच्याच्या मुलीला असाच आजार आहे. तेथे कायद्यानेच, तीन पूर्ण होण्याच्या निदान 90 दिवस आधी, जुन्या केंद्राला आणि नव्या शाळेला पालकांसह एकत्र बसून पुढची योजना लिहून काढावी लागते. येथे ती बैठक कोणी बोलावणार नाही. आपणच बोलवावी, निदान थेरपिस्ट आणि सेविका यांना एका खोलीत अर्धा तास आणावे. बारा पानांचा अहवाल कोणी वाचत नाही. थेरपिस्टकडून एकच पान मराठीत लिहून घ्यावे: कसे बसवावे, पट्टा कोठे बांधावा, शौचाची खूण मूल कशी करते, कोणती गोष्ट चुकूनही करू नये, सोबत बसलेल्या स्थितीचे छायाचित्र. ते भिंतीवर चिकटलेले आपल्या डोळ्यांनी पाहावे. जुनी थेरपी नवी जागा स्थिर होईपर्यंत, आठवड्यातून एकदा का होईना, चालू ठेवावी. पंधराव्या दिवशी न सांगता जावे; जेथे पालकाला आत येऊ देत नाहीत तेथे मूल ठेवू नये.

कागदांविषयी. जे द्याल त्याची नक्कल ठेवून पोच घ्यावी, सरकारी दफ्तरात आवक क्रमांकासह. सभ्यतेचा संकोच मी केला, तुम्ही करू नये. लहान वयातले दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र बहुधा तात्पुरते असते, त्यावरची मुदतीची तारीख पंचांगावर लिहून ठेवावी. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत असून थेरपीचा खर्चही तीत येतो. आम्हांला हे दोन वर्षे उशिरा कळले. बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, तेव्हा एखाद्या केंद्राने तिसऱ्या वर्षी दार लावले तरी पथकाकडून नवी चिठ्ठी मागता येते. 2023 च्या नोव्हेंबरात केंद्र शासनाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली आहे. मुख्यसेविकेला त्या कार्यपद्धतीविषयी विचारावे, आणि तिला ठाऊक नसेल तर रागावू नये. बाकी आईने स्वतःच्या जेवणाझोपेची हेळसांड करू नये, आणि धीर सोडू नये, हे सर्वच सांगतात, मीही सांगतो.

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा मुले बालवाडीत येत नाहीत असे पाहून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. त्या सेविकेने ताराबाईंचे नाव ऐकले आहे की नाही मला ठाऊक नाही. तिने आमच्या खुर्चीसाठी खोलीतली सर्वांत उजेडाची जागा दिली, आणि इतर मुलांनी आठवडाभर खुर्ची मागितल्यावर त्यांना आळीपाळीने बसवले, मग त्यांचे कुतूहल संपले. टाच पूर्वीइतकी टेकायला चौदा महिने लागले.

2025 च्या जूनमध्ये नातीला सहा वर्षे पूर्ण होणार होती. त्याआधी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला, आणि एक पानाचा कागद गुरुजींच्या हाती ठेवून समोरच बसून राहिलो. त्यांनी चष्मा लावला, कागद दोनदा वाचला, छायाचित्र खिडकीकडे धरून पाहिले आणि विचारले, "पट्टा डाव्याच गुडघ्याला का हो?"