लाईनच्या गाडीवर जाण्यापूर्वी



ऊस विकास विभागाच्या या पानावर नेहमी बेणे, लागण, खत आणि पाणी यांची चर्चा असते. या वेळी विषय ट्रकचा आहे, आणि त्याला कारण आहे. गळीत हंगाम संपला की गट कार्यालयात येणारे प्रश्न बदलतात. ऊस वाहतुकीवर चार-पाच महिने राबलेली आपली मुले रिकामी होतात आणि वडील मंडळी आमच्याकडे येऊन विचारतात, "साहेब, पोरगं म्हणतंय लाईनच्या गाडीवर जातो. जाऊ द्यावं का?" काही जण पुढे विचारतात, "नोकरी कशाला, ट्रकच घेऊन द्या म्हणतो. कर्जाला सातबारा लावू का?"

हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत. पहिल्याला आमचे उत्तर असे की जाऊ द्या, पण रीतसर शिकून जाऊ द्या. दुसऱ्याला उत्तर असे की आत्ता नको. असे का, ते या लेखात सांगायचे आहे.

ट्रॅक्टर येतो म्हणजे ट्रक येतो असे नाही

दोन ट्रॉल्या जोडून चिखलातून ऊस बाहेर काढणारा मुलगा हुशार असतो, यात शंका नाही. यंत्राचे कान त्याला असतात, रात्रीची सवय असते, कष्टाची लाज नसते. ही शिदोरी मोठी आहे. परंतु ट्रॅक्टर हळू चालतो, ओळखीच्या शिवारात फिरतो आणि बिघडला तर हाकेच्या अंतरावर माणूस मिळतो. दहा चाकी ट्रकचे मालासह मंजूर वजन 2018 साली 25 टनांवरून 28.5 टन झाले. एवढे वजन ताशी साठ किलोमीटरने जात असताना ते थांबवायचे कसे, हे ट्रॅक्टरवर शिकता येत नाही. तेव्हा "मला सगळं येतं" म्हणणाऱ्या मुलाला प्रेमाने पण स्पष्टपणे सांगावे की बाबा, तुला निम्मे येते.

कागदांचा क्रम

अवजड वाहनाचा परवाना एकदम मिळत नाही. मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे पायऱ्या अशा आहेत :

1. वयाची 18 वर्षे पूर्ण झाल्यावर हलक्या मोटार वाहनाचा परवाना काढावा.

2. तो परवाना किमान एक वर्ष हाती असल्याशिवाय अवजड मालवाहू वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. तसेच वयाची 20 वर्षे पूर्ण लागतात.

3. मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये प्रशिक्षण घ्यावे. नियमाप्रमाणे ते किमान 30 दिवसांचे असते व त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे 15 तास हवेत. शाळेचे प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचा नमुना 1-अ मधील दाखला अर्जासोबत लागतो.

4. शिकाऊ परवान्याला 30 दिवस झाल्यावर आरटीओकडे चाचणी द्यावी. मालवाहू वाहनाच्या परवान्याची मुदत 2019 च्या दुरुस्तीपासून पाच वर्षे आहे.

पूर्वी आठवी पासची अट होती, ती 2019 मध्ये काढली गेली. म्हणून शाळा अर्धवट सुटलेल्या मुलाने निराश होण्याचे कारण नाही. मात्र वाचता-लिहिता आलेच पाहिजे. कागद वाचता न येणारा ड्रायव्हर दुसऱ्याच्या भरवशावर राहतो.

मधले एक वर्ष फुकट घालवू नये. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले आहे की हलक्या वाहनाच्या परवान्यावर 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहनही चालवता येते. म्हणजे वयाची 20 वर्षे पूर्ण असतील तर त्या वर्षात दुधाचा, भाजीपाल्याचा टेम्पो चालवून चार पैसे मिळतात आणि शहरातली गर्दी, बाजार समितीतली वेळ, मालाची जबाबदारी हेही कळते. दलालाकडून "सहीपुरता" परवाना काढून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिल्यांदा परवानाच तपासते.

परवाना हातात आल्यावर वर्षभर जुन्या ड्रायव्हरबरोबर दुसरा ड्रायव्हर म्हणून बसावे. पहिले सहा महिने जवळच्या फेऱ्या कराव्यात, मग लांबच्या. ताडपत्री कशी आवळायची, रस्सा कुठे सैल पडतो, टायरवर हात ठेवून तो तापला आहे की नाही हे कसे ओळखायचे, या गोष्टी उस्तादाच्या शेजारी बसूनच कळतात. सगळा हिशेब केला तर अडीच वर्षे होतात. म्हणजे आडसालीचा एक ऊस आणि त्याचा खोडवा, एवढा काळ. तेवढा धीर आपल्याला आहेच. तो मुलालाही द्यावा.

उतार आणि हवा

एक गोष्ट आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण ती जिवाशी आहे. साताऱ्याकडून पुण्याला जाताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत लांब उतार लागतो. तिथे 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका ट्रकने अनेक गाड्यांना ठोकरले. त्याच भागात 13 नोव्हेंबर 2025 रोजी पुन्हा मोठा अपघात होऊन माणसे दगावली. त्या उतारावरून आपली मुले रोज जातात.

डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायची, कोणी तर इंजिनच बंद करायचे, ही खोड फार जुनी आहे. तिचा परिणाम काय होतो तो पाहा. गाडी गियरमध्ये असली की इंजिन स्वतःच चाकांना मागे ओढून धरते. न्यूट्रल केली की ही ओढ जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेला ब्रेक तापतो, आणि तापलेल्या ड्रमवर लायनर पकडत नाही. शिवाय ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. इंजिन बंद केले की नवी हवा येत नाही, आणि प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा कमी होत जाते. स्टेअरिंगही जड होते. अशा वेळी पाव लिटर डिझेल वाचवणाऱ्याच्या हातात काही राहत नाही.

म्हणून नियम साधा आहे. घाट ज्या गियरमध्ये चढला असता, त्याच गियरमध्ये उतरावा. उतार सुरू होण्याआधीच गियर खाली घ्यावा, मध्यावर गेल्यावर नव्हे. हवेचा काटा पाहिल्याशिवाय गाडी जागची हलवू नये. मुलाला हे तोंडपाठ नसेल तर त्याला कसारा किंवा खंबाटकी एकट्याने उतरू देऊ नये.

झोप

रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी पाजणाऱ्याला पहाटेची झापड माहीत आहे. तीनच्या सुमारास दारे मोडताना उभ्याउभ्या डोळा लागतो. तिथे फार तर सरी फुटते. ताशी साठ किलोमीटरने जाणारा ट्रक मात्र एका सेकंदात सुमारे 17 मीटर जातो. तीन सेकंद डोळा लागला तर 50 मीटर गाडी बिनमाणसाची चालली, असा त्याचा अर्थ. चहा, तंबाखू किंवा गोळी यांनी झोप जात नाही, ती फक्त दबते. त्यावर झोप हाच उपाय आहे.

1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास कामाची आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मर्यादा घातली होती. रस्त्यावर ती किती पाळली गेली हे जुने ड्रायव्हर सांगतील. आपल्या मुलाने ती स्वतःसाठी पाळावी. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या नव्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. ही सोय चांगली, पण थंड केबिनमध्ये झोप लवकर येते हेही ध्यानात ठेवावे.

घाई कोणाची?

पुण्याहून दिल्लीकडे सुमारे 1,400 किलोमीटरची फेरी धरू. मालासोबत जे ई-वे बिल असते त्याची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी आहे, म्हणजे या फेरीला सात दिवस. रोज दहा तास, ताशी सरासरी चाळीसने गाडी चालली तरी माल चार दिवसांत पोचतो. तेव्हा "कागद संपतोय, पळव" असे कोणी सांगितले तर ती कायद्याची घाई नाही. ती व्यापाऱ्याला दिलेल्या शब्दाची घाई आहे, आणि तिची किंमत ड्रायव्हरने मोजायची असते. ई-वे बिलावर आपल्याच गाडीचा नंबर आहे ना, आणि मुदत कधी संपते, हे निघतानाच पाहावे.

जास्त वजनाचेही तसेच. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात जादा वजनाला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. तो चालवणाऱ्यालाही लागू होतो आणि चालवायला लावणाऱ्यालाही. काटा केल्याशिवाय गाडी हलवणार नाही, असे म्हणायची हिंमत ड्रायव्हरमध्ये हवी.

अपघात झालाच तर काय करावे, हेही आधी माहीत हवे. जानेवारी 2024 मध्ये नव्या न्यायसंहितेतील पळून जाण्याबद्दलच्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून देशभर ट्रकवाल्यांनी चाके थांबवली. ते कलम 1 जुलै 2024 रोजी बाकीच्या संहितेबरोबर अमलात आले नाही. परंतु मोटार वाहन कायद्याचे कर्तव्य कायम आहे : जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, जमावाच्या भीतीने तिथे थांबणे अशक्यच झाले तर जवळचे पोलीस ठाणे गाठावे, आणि कोणत्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत खबर द्यावी.

पगार ठरवताना

मालकाकडे रुजू होताना संकोच करू नये. पगार महिन्याचा की फेरीवर? जेवणाचा भत्ता वेगळा की त्यातच? माल उतरायला तीन दिवस थांबावे लागले तर त्या दिवसांचे काय? वाराई, टोल, पंक्चर कोणाचे? ऑनलाईन चलन आले तर कोण भरणार? हे पाच प्रश्न आधी विचारून उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. पगार बँक खात्यात घ्यावा. त्याच खात्यावर पंतप्रधान सुरक्षा विमा काढावा. वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचे अपघाती संरक्षण मिळते.

घरच्यांनीही आपले मन तयार ठेवावे. मुलगा महिन्यातले वीस-पंचवीस दिवस बाहेर राहील. सण चुकतील. सोयरीक जमवताना लोक दहा वेळा विचारतील. त्याच्या धंद्याला घरातच हलके लेखले तर त्याने मान मागायची कोणाकडे?

सातबारा कधी लावावा?

आता दुसरा प्रश्न. 30 लाखांचे कर्ज 10 टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 63,700 रुपये पडतो. वर्षाचे झाले 7 लाख 64 हजार. आपल्या भाषेत मांडू. एकरी 40 टन ऊस आणि तोडणी-वाहतूक वजा जाता हातात टनाला 2,800 रुपये धरले, तर एकराचे बिल 1 लाख 12 हजार होते. म्हणजे केवळ हप्त्यापोटी जवळजवळ सात एकरांचे संपूर्ण बिल गेले. त्यात खत, पाणी, लागण, सोसायटी काहीच धरलेले नाही. ट्रकचा विमा, दहा टायर आणि डिझेलही बाहेरच आहे. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर गेली तर दिल्लीच्या एका बाजूलाच 350 लिटर डिझेल लागते. 90 रुपये दराने 31,500 रुपये झाले. परतीचे भाडे मिळाले नाही तर रिकामी गाडीसुद्धा डिझेल पितेच.

हा हिशेब जमवणारे मालक आहेत. पण त्यातले बहुतेक आधी ड्रायव्हर होते. कोणत्या गावाहून कोणत्या महिन्यात परतीचा माल मिळतो, कोणता दलाल पैसे बुडवतो, हे त्यांना ठाऊक असते. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या हातात तारण जमिनीची गाडी देणे म्हणजे न पाहिलेले बेणे सगळ्या रानात लावणे होय. रोग दिसेपर्यंत हंगाम गेलेला असतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. मुलाला अडवू नका आणि जमीनही अडकवू नका. त्याने परवाना काढावा, उस्तादाजवळ शिकावे, तीन-चार वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर हिशेबाची वही ठेवावी. त्या वहीत भाडे, डिझेल, टायर आणि शिल्लक यांचे आकडे स्वच्छ दिसू लागले, आणि त्याने स्वतःच्या कमाईतून काही रक्कम बाजूला टाकलेली असली, तर मग बाप-लेकांनी बसून गाडीचा विचार करावा. तोवर सातबारा घरात राहू द्यावा.

या हंगामानंतर ज्यांच्या घरी हा विषय निघेल त्यांनी मुलाला बरोबर घेऊन गट कार्यालयात यावे. परवान्याच्या पायऱ्या आणि हप्त्याचा हिशेब आम्ही कागदावर मांडून देऊ.

— ऊस विकास अधिकारी