तिला पहिल्या दिवशी घरचे काय म्हणाले?



या अंकातला अभ्यास 'प्रेरणा' या विषयावर आहे. विषय वाचूनच काही जणी पान उलटतील, मला माहीत आहे. प्रेरणा म्हटलं की भाषण आलं, आणि भाषणं आपण ३ जानेवारीला ऐकतो, ८ मार्चला ऐकतो, प्रशिक्षणाच्या उद्घाटनाला ऐकतो. मीही दिली आहेत. त्यातल्याच एका भाषणापासून सुरुवात करते, कारण ते चांगलंच फसलं होतं.

मला कामाला लागून चारेक महिने झाले होते. एका गटाच्या मासिक बैठकीत मी मोबाइलवर राहीबाई पोपेरे यांचा पद्मश्री घेतानाचा फोटो दाखवत होते. बघा, शाळेत न गेलेली आपल्यासारखी बाई कुठल्या कुठे पोहोचली, वगैरे. बाया माना हलवत होत्या. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एक मावशी बोलल्या. त्या आठवडी बाजारात भाजी विकतात, बैठकीत सहसा तोंड उघडत नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, बक्षीस मिळालं ते कळलं. पण पहिल्या दिवशी तिला घरचे काय म्हणाले?"

मला उत्तर देता येईना. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि मलाही सुचला नव्हता. काहीतरी बोलून मी विषय थकीत हप्त्यांवर नेला.

मावशींनी तो प्रश्न का विचारला ते नंतर कळलं. गटाच्या कोषाध्यक्ष ताई मुलीच्या बाळंतपणासाठी बाहेरगावी जाणार होत्या, आणि त्यांच्या जागी मावशींनी यावं असं सगळ्यांचं मत होतं. हिशेबाला त्यांच्याइतकं पक्कं गटात कुणी नाही. पण मावशी अंगठा लावायच्या. बँकेत सहीचा नमुना द्यायचा म्हणजे कसं? घरी विषय काढला तर मुलगा म्हणाला होता, "आई, अंगठेबहाद्दर बाईच्या हातात कोण पैसा देतं? गावात हसं करून घेऊ नकोस." म्हणजे मावशींना बक्षिसाची गोष्ट नकोच होती. घरातून असं उत्तर आल्यावर पुढं काय करायचं, ते हवं होतं.

मग मी पुन्हा वाचायला बसले. या वेळी नुसतं 'घरचे काय म्हणाले' एवढंच शोधत. तुम्हीही असं वाचून बघा, गोष्ट वेगळीच निघते.

सावित्रीबाईंचंच घ्या. फोटो आपल्या प्रत्येक कार्यालयात आहे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा, अंगावर शेण-चिखल टाकणारे लोक, पिशवीतलं दुसरं लुगडं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण शेण टाकणारे बाहेरचे होते. घरचं काय? लोकांच्या दबावाखाली सासऱ्यांनी सांगितलं, हे काम सोडा नाहीतर घर सोडा. दोघांनी घर सोडलं. पुढं १८५६ मध्ये सावित्रीबाई आजारी पडून माहेरी, नायगावला, आल्या होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. त्यात आहे की सख्खा भाऊच बोलायला लागला: तुम्हा दोघांना वाळीत टाकलंय, महार-मांगांसाठी जे करता ते बरं नाही, जातीच्या रीतीनं वागा. तेही आजारी बहिणीला, माहेरच्या अंगणात! सावित्रीबाई भांडून निघून गेल्या नाहीत. बसून भावाला समजावलं, शिक्षणानं काय होतं ते सांगितलं, आणि शेवटी भाऊ आणि आई दोघांनाही पटलं. मला स्वतःला लुगड्याच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट जास्त आवडते. आपल्यातल्या किती जणींना रस्त्यावरचे लोक अडवतात? आणि किती जणींना ओट्यावर बसलेला भाऊ, नवरा, मुलगा अडवतो?

आणखी एक गोष्ट. सावित्रीबाईंना शिकवलं जोतीरावांनी. जोतीरावांना आई लहानपणीच गेल्यावर वाढवलं सगुणाबाई क्षीरसागरांनी, त्यांच्या मावसबहिणीनं. जोतीरावांनी शिकावं ही ओढ सगुणाबाईंची होती, आणि पुढं त्या स्वतःही सावित्रीबाईंबरोबर शिकल्या. सगुणाबाईंचा फोटो किती कार्यालयांत आहे? आपल्या तरी नाही.

आता म्हसवडची गोष्ट. ही जरा सविस्तर सांगते, कारण ती आपल्याच कामाची आहे.

सातारा जिल्ह्यातला माण तालुका, कायमचा दुष्काळी. मुंबईत वाढलेल्या चेतना गाला सिन्हा लग्नानंतर तिथं म्हसवडला राहायला आल्या. तिथं रस्त्याच्या कडेला लोहारकाम करून राहणारी एक बाई त्यांच्याकडे आली. तिला बचतीचं खातं काढायचं होतं. कशासाठी? पावसाळ्याआधी डोक्यावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी रोजचे थोडे पैसे बाजूला ठेवायचे होते. बँकेनं खातं उघडून दिलं नाही. एवढ्या छोट्या रकमेसाठी कोण खटपट करतो! तेव्हा चेतनाताईंनी ठरवलं, मग बायकांची बँकच काढू.

अर्ज रिझर्व्ह बँकेकडे गेला आणि परत आला. कारण असं दिलं, की प्रवर्तक सभासदांमध्ये निरक्षर बायका आहेत, अंगठे आहेत, परवाना देता येणार नाही. चेतनाताई गावात आल्या त्या रडत. त्यांनी हे स्वतःच सांगितलं आहे. आणि त्यांना धीर दिला तो ज्यांचे अंगठे नाकारले गेले त्या बायकांनी. रडायचं कशाला, आम्ही लिहा-वाचायला शिकतो की! दिवसभर रानात, मजुरीवर राबून या बाया रोज अक्षरं गिरवायला येऊ लागल्या.

काही महिन्यांनी पुन्हा रिझर्व्ह बँकेत. या वेळी चेतनाताई एकट्या नव्हत्या, बाया सोबत होत्या. त्यांनी साहेबांना काय सांगितलं? आम्ही लहान होतो तेव्हा गावात शाळा नव्हती, हा काही आमचा दोष नाही. लिहिता येत नव्हतं, पण आम्हाला हिशेब येतो. तुम्ही कुठलीही रक्कम सांगा, आम्ही व्याज काढून दाखवतो. तुमच्या साहेबांनाही सांगा, कॅल्क्युलेटर न घेता काढा. बघू कोण लवकर काढतं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

ही गोष्ट सांगताना लोक चेतनाताईंचं नाव घेतात, ते बरोबरच आहे. पण त्या दिवशी प्रेरणा कुणी कुणाला दिली? शिकलेल्या ताईंनी अडाणी बायांना, की त्या बायांनी ताईंना? मी यावर बराच विचार केला, कारण मीही शिकलेली ताई म्हणूनच तुमच्याकडे येते.

पुढच्या महिन्यात मी ही गोष्ट त्याच गटात सांगितली. फोटोबिटो काही नाही. संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशी म्हणाल्या, "मॅडम, आम्हाला पण घाला एक गणित."

मी आपल्या गटातलंच गणित घातलं. कर्ज १०,००० रुपये, व्याज महिना २ टक्के, दर महिन्याला मुद्दल १,००० परत, व्याज शिल्लक रकमेवर. दहा महिन्यांत एकूण व्याज किती? मी मोबाइल काढला. सचिव ताईंनी वहीत आकडे मांडायला घेतले. पहिल्या महिन्याला २००, दुसऱ्याला १८०, तिसऱ्याला १६०... आमचं निम्मं होईपर्यंत मावशी म्हणाल्या, "अकराशे."

बरोबर होतं. मी विचारलं कसं काढलं, तर म्हणाल्या, "जुड्या बांधल्या." म्हणजे असं, की पहिल्या महिन्याचं व्याज २०० आणि शेवटच्या महिन्याचं २०, मिळून २२०. दुसऱ्याचं १८० आणि शेवटून दुसऱ्याचं ४०, पुन्हा २२०. दहा महिन्यांच्या अशा पाच जुड्या, पाच वेळा २२० म्हणजे १,१००. मेथीच्या जुडीत एक जाड काडी, एक बारीक काडी घालून सगळ्या जुड्या सारख्या करतात तसंच! तुम्हीही हे तुमच्या गटाच्या कर्जावर करून बघा.

आणि लगेच पुढचा हिशेबही करा. बाहेरचा कुणी सांगतो, '२ टक्केच घेतो', पण व्याज शेवटपर्यंत मूळ १०,००० वरच लावतो. मग महिन्याला २०० प्रमाणे दहा महिन्यांचे २,००० होतात. टक्का तोच, पण ९०० रुपये जास्त गेले. मावशींनी हे सांगितल्यावर बैठकीत जरा वेळ शांतताच होती. दोघी-तिघी बोटांवर आपापलं मोजत होत्या.

त्याच बैठकीत मावशी कोषाध्यक्ष होतील असा ठराव झाला. सही शिकवायची जबाबदारी शेजारच्या घरातल्या सातवीतल्या मुलीनं घेतली. मुलगा लगेच बदलला, असं काही झालं नाही. तो आठवडाभर फुगून होता. पण मावशी म्हणाल्या, त्या सावित्रीबाईंचा भाऊ तरी कुठं एका दिवसात ऐकला असेल?

राहीबाईंचं उत्तर मी अजून मावशींचं देणं आहे. त्यांच्या गोष्टीतला मला सापडलेला पहिला दिवस हा असा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव. नातू वारंवार आजारी पडायचा. फवारणीच्या भाजीपाल्यामुळं असं होतंय असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी गावठी वाणांचं बियाणं शोधून साठवायला घेतलं. वाल, भात, नाचणी, परसबागेतल्या भाज्या. पुढं बाएफ संस्थेची साथ मिळाली, आजूबाजूच्या बाया जोडल्या गेल्या, घरात बियाणे बँक उभी राहिली. पद्मश्री २०२० साली जाहीर झाली. सुरुवातीला मात्र फक्त आजारी नातू आणि मडक्यातलं बियाणं होतं, आणि तेवढं तर आपल्या प्रत्येकीच्या घरात असतं. मी त्या दिवशी मडकं सोडून बक्षिसाचा फोटो दाखवत बसले होते.

आता बैठकीत काय करायचं ते सांगते. या महिन्यात बचत गोळा झाल्यावर अर्धा तास ठेवा. प्रत्येकीनं एका बाईचं नाव सांगायचं, जिच्याकडे बघून आपल्याला काहीतरी करावंसं वाटलं. प्रसिद्ध असलीच पाहिजे असं नाही. आई, सासू, शाळेतल्या बाई, गावातली पहिली शिलाई मशीन आणणारी, दारूच्या दुकानापुढं उभी राहिलेली, कुणीही. पण 'ती खूप चांगली होती, खूप सोसलं तिनं' एवढ्यावर थांबू देऊ नका. सोसलं ते सगळ्यांनीच. तिनं पहिल्यांदा नेमकं काय केलं, तिला कोणी आणि कसं अडवलं, दुसऱ्या दिवशी ती काय करत होती, आणि तिच्याबरोबर कोण उभं राहिलं, हे विचारा. मग त्यातली एक गोष्ट, अगदी लहान, आपल्या कामाला लागू करा. कुणाला शेळ्यांसाठी कर्ज मागायचंय, कुणाला ग्रामसभेत बोलायचंय, कुणाला सातबाऱ्यावर नाव लावायचंय. तारीख घालून इतिवृत्तात लिहा. तारीख नसेल तर ते मोबाइलवर येणाऱ्या सुप्रभातच्या संदेशासारखं होतं, वाचलं आणि पुढं पाठवलं.

एक काळजी घ्या. एखादी म्हणेल, मला कुणीच आठवत नाही. तिला घाई करू नका. एका गटात अशा एक ताई बराच वेळ गप्प बसल्या आणि मग समोर बसलेल्या जावेकडे बोट दाखवलं. दोघींचं वाटणीवरून वर्षभर बोलणं नव्हतं. पुढं काय झालं ते त्या दोघींचं, ते इथं लिहीत नाही.

सांगितलेल्या नावांतलं एक नाव आणि तिच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सचिवांनी पानभर लिहून इतिवृत्ताबरोबर फेडरेशनच्या कार्यालयात पाठवा. लिहायला जमत नसेल तर मी गटात येईन तेव्हा सांगा, मी लिहून घेईन. पुढच्या अंकात छापू, पण त्या बाईला विचारूनच.

मावशींच्या गटाचा मागच्या महिन्याचा ठराव माझ्यासमोर आहे. कोषाध्यक्षांच्या सहीनं जवळजवळ सगळी ओळ व्यापली आहे आणि शेवटचं अक्षर समासात गेलं आहे. शाईचं पॅड अजून गटाच्या पेटीतच आहे, दोघींना लागतं. त्यातली एक, मावशींच्या मते, दिवाळीपर्यंत ते बंद करेल.