नाचणीचा कोंडा टाकूं नये
कोंकणांतील वरकस जमिनींत पिकणाऱ्या नाचणीचें पीठ बारीक चाळल्यास भाकरी उजळ होते खरी. परंतु त्यामुळें कोणतें सत्त्व वायां जातें, हें आम्ही शेतकरी बंधूंच्या ध्यानीं आणूं इच्छितों. शरीरांत प्राणवायूच्या व्यापारानें कांहीं उपद्रवी कण उत्पन्न होतात. ते वाढल्यास पेशींस इजा करितात व दाह वाढवितात. त्यांस निष्प्रभ करणारीं ‘पॉलिफेनॉल’ नांवाचीं द्रव्यें नाचणीच्या टरफलांतच एकवटलेलीं असतात. पांढऱ्या वाणापेक्षां तांबड्यांत तीं अधिक. हे गुण मुख्यतः प्रयोगशाळेंत आढळले आहेत. म्हणून नाचणी हें औषध नव्हे, उत्तम अन्न होय. यास्तव बाजारासाठीं पांढरा वाण पेरणाऱ्यानेंही घरापुरता तांबडा राखावा व त्याचें पीठ न चाळतां खावें.