वस्ताद गणपतराव आंदळकर

सातारा व सांगली या जिल्ह्यांची भूमी मल्लांची भूमी म्हणून प्रसिद्ध आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत कांस्यपदक मिळविले, हे तुम्हांस ठाऊक असेलच. गणपतराव आंदळकर हेही याच मातीचे सुपुत्र. शिराळा तालुक्यातील पुनवत या खेडेगावी 1935 साली त्यांचा जन्म झाला. शिराळा आज सांगली जिल्ह्यात आहे. त्या काळी तो भाग सातारा जिल्ह्यात मोडत असे.

कुस्तीच्या ओढीने गणपतराव कोल्हापुरास आले. राजर्षी शाहू महाराजांच्या उदार आश्रयामुळे हे नगर मल्लांची पंढरीच बनले होते. तेथील मोतीबाग तालमीत गणपतराव घडले आणि 1960 साली 'हिंदकेसरी' झाले.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. 1962 साली जकार्ता येथे आशियाई क्रीडासामने भरले. आपली कुस्ती तांबड्या मातीतली, तेथील गादीवरची. त्यातही ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली पकड घेता येत नाही व पायांचे डावही चालत नाहीत. मातीतल्या मल्लाला हे बंधन म्हणजे निम्मी शस्त्रे खाली ठेवून रणात उतरण्यासारखेच! तरीही गणपतरावांनी या प्रकारात सुवर्णपदक व मुक्त शैलीत रौप्यपदक पटकाविले. 1964 साली टोकिओच्या ऑलिंपिकमध्येही ते लढले. भारत सरकारने अर्जुन पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला.

मल्लाचे बळ वयाबरोबर ओसरते. मग जन्मभर कमावलेल्या विद्येचे काय व्हावे? वस्ताद शिष्याला सारे डाव शिकवितो, पण एक राखून ठेवतो, असे लोक म्हणतात. परंतु राखून ठेवलेली विद्या धन्याबरोबरच संपते. गणपतराव मोतीबाग तालमीचे वस्ताद झाले. वस्तादाला नुसते डाव शिकवून भागत नाही. पहाटेच्या जोर-बैठका, आहार, झोप, वागणूक या सर्वांवर त्याची नजर असावी लागते. हरलेल्याला धीर व जिंकलेल्याला लगाम द्यावा लागतो. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दादू चौगुले 1970 व 1971 साली 'महाराष्ट्र केसरी' झाले आणि 1974 साली राष्ट्रकुल सामन्यांत त्यांनी रौप्यपदक मिळविले.

2018 साली गणपतराव निवर्तले. गदा एकाच्याच खांद्यावर शोभते. विद्या मात्र दिल्याने अनेकांची होते.

स्वाध्याय
1. ग्रीको-रोमन कुस्ती मातीतल्या मल्लाला अवघड का वाटते?
2. 'हरलेल्याला धीर व जिंकलेल्याला लगाम' म्हणजे काय, ते उदाहरण देऊन सांगा.